जुने माप, जुनी पेढी : वस्तुसंग्रहालयाच्या आधारे स्थानिक इतिहासाचा पाठ

ग्रामीण शाळेची सहल नगर शहरात आली म्हणजे तिचा क्रम बहुधा ठरलेला असतो. भुईकोट किल्ला, १९९४ साली स्थापन झालेले रणगाडा संग्रहालय, डोंगरावरील चांदबिबीचा महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर, आणि वेळ उरलाच तर शहरातील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय. या शेवटच्या ठिकाणी मुले रांगेने आत जातात, काचेच्या पलीकडील तलवारींकडे क्षणभर थबकतात आणि रांगेनेच बाहेर पडतात. त्यानंतर कापड बाजारातून फेरी होते, खाऊ घेतला जातो आणि सहल गावाकडे परतते. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले असता मुले रणगाड्यांविषयी भरभरून बोलतात. संग्रहालयातील जुने कागद त्यांच्या स्मरणात नसतात, आणि ज्या बाजारातून ती चालत आली तो बाजार इतिहासाचा भाग आहे ही गोष्ट तर त्यांना कोणी सांगितलेलीच नसते.

वस्तुतः संग्रहालय आणि बाजार ही एकाच पाठाची दोन अंगे आहेत. संग्रहालयातील कागद, नाणी व चित्रे शहराची कागदोपत्री स्मृती सांगतात. बाजारातील जुनी दुकाने, गल्ल्यांची नावे, वजनेमापे आणि हिशेबाच्या वह्या त्याच शहराचे दैनंदिन जीवन सांगतात. या दोहोंची सांगड वर्गात कशी घालावी आणि गावातील शाळेला स्वतःचा लहानसा वस्तुसंग्रह कसा उभारता येईल, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम शहराची पार्श्वभूमी. मलिक अहमद याने २८ मे १४९० रोजी भिंगारनजीक बहामनी सैन्याचा पराभव केला आणि निजामशाहीची स्वतंत्र सत्ता उभी राहिली. पुढे १४९४ मध्ये त्याने सीना नदीच्या काठी नगर वसविले. राजधानी झाली म्हणजे केवळ वाडे आणि मशिदी उभ्या राहत नाहीत. सैन्याला धान्य लागते, घोड्यांना गवत लागते, दरबाराला वस्त्रे लागतात, स्वयंपाकघरांना भांडी लागतात. ही गरज भागविणारे लोक येतात, आपापल्या व्यवसायानुसार वस्ती करतात आणि त्यांच्या व्यवसायाचे नाव गल्लीला चिकटते. तेलीखुंट, मोची गल्ली, घास गल्ली, दाळमंडई, आडते बाजार, सराफ बाजार, तोफखाना ही नावे फळ्यावर लिहून मुलांना नुसते वाचावयास सांगितले तरी निम्मा पाठ होतो. नावाचा व्यवसाय आज त्या ठिकाणी चालत असेलच असे नाही. मोची गल्लीत गेलेल्या मुलाला चर्मकाराचे दुकान शोधूनही सापडले नाही, तर तो कोठे गेला आणि का गेला, हा त्या दिवसाचा खरा प्रश्न होय.

निजामशाही संपली, मोगल आले, पेशवे आले. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने किल्ला घेतला आणि १८१८ नंतर कंपनीचा अंमल स्थिरावून कॅप्टन पॉटिंजर हा जिल्ह्याचा पहिला कलेक्टर झाला. राजधानीचे वैभव केव्हाच ओसरले होते, परंतु व्यापारपेठ टिकून होती. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये शहरातील लुगडी विणण्याचा धंदा आणि त्याखालोखाल तांब्यापितळेची भांडी घडविण्याचा धंदा यांचे महत्त्व नोंदविलेले आहे. विणकरांमध्ये पद्मशाली समाजाचा मोठा वाटा होता, आणि तांबटांच्या हातोड्यांचा नाद हा बाजाराचा नित्याचा आवाज होता. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. तोपर्यंत बैलगाड्यांच्या तांड्यांनी होणारी मालाची वाहतूक आगगाडीकडे वळली आणि गिरणीचे स्वस्त कापड व सूत दूरवरून सहज येऊ लागले. ज्या मुलाला लोहमार्ग म्हणजे केवळ प्रगती असे वाटते, त्याला गाडीवानाच्या आणि हातमागाच्या बाजूने विचार करावयास लावणे, हे इतिहासशिक्षकाचे काम आहे.

आता संग्रहालयाकडे वळावयाचे. नगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय व संशोधन केंद्र विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापासून शहरात उभे आहे. हस्तलिखिते, फारसी व मोडी कागद, नाणी, शस्त्रे, नकाशे, चित्रे आणि गणेशमूर्ती यांचा मोठा संग्रह तेथे आहे. गुंडाळीच्या रूपातील लांबलचक जन्मपत्रिका पाहून मुले हमखास थांबतात. एखाद्या दूरच्या राजधानीतून आणलेल्या वस्तूंचे हे प्रदर्शन नव्हे. येथील पुष्कळसे कागद याच मुलखाची हकीकत सांगतात, म्हणून ग्रामीण शाळेने तेथे जाताना केवळ 'पाहावयास' जाऊ नये, काही 'शोधावयास' जावे.

शोधावयास म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात पिकरिंग या गावी जॉन कर्क नावाचे एक डॉक्टर होते. रुग्णांच्या घरी जाता-येता त्यांच्या लक्षात आले की, लोकांच्या नित्य वापरातील जुन्या वस्तू झपाट्याने नाहीशा होत आहेत. त्यांनी त्या जमविण्यास आरंभ केला. १९३८ साली यॉर्क शहरात त्यांच्या संग्रहाचे वस्तुसंग्रहालय उघडले. त्याचे वैशिष्ट्य असे की, वस्तू कपाटांत मांडून न ठेवता जुन्या दुकानांची एक संपूर्ण गल्लीच इमारतीच्या आत उभी करण्यात आली. पाहणारा मनुष्य त्या फरसबंद रस्त्यावरून चालतो आणि दुकानांच्या दर्शनी खिडक्यांत डोकावतो. आपल्याकडे पुण्यास दिनकर केळकर यांनी सुमारे १९२० पासून असाच ध्यास घेतला. राजेरजवाड्यांच्या मौल्यवान वस्तूंच्या बरोबरीने त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकाची भांडी, दरवाज्यांच्या चौकटी गावोगाव हिंडून मिळविल्या. राजा हे त्यांच्या अकाली निवर्तलेल्या मुलाचे नाव. त्याच्या स्मरणार्थ उभा राहिलेला हा संग्रह त्यांनी पुढे शासनाच्या स्वाधीन केला. एक खेड्यातला डॉक्टर, एक चष्म्यांच्या व्यवसायातील कवी. इतिहासाचे पदवीधर नसलेल्या माणसांनी हे केले, ही गोष्ट प्राथमिक शिक्षकाने विशेष ध्यानात घ्यावी.

नगरच्या बाजारात अशी कृत्रिम गल्ली उभारण्याची आवश्यकताच नाही, कारण गल्ल्या जागच्या जागी आहेत. आवश्यकता आहे ती पाहण्याच्या पूर्वतयारीची. आणि ही तयारी शहरात पोहोचण्यापूर्वी, आपल्या गावच्या दुकानातच करता येते.

इयत्ता चौथी वा पाचवीच्या वर्गात पुढीलप्रमाणे पाठ घेता येईल. गावातील कोणा घरी धान्य मोजण्याचे जुने शेराचे माप असतेच. लाकडी, पितळी किंवा पत्र्याचे. ते एका दिवसापुरते मागून आणावे. शक्य असल्यास चिपटे, मापटे, अधोली आणि पायलीही आणावी. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली, आणि अर्धी पायली ती अधोली, ही कोष्टके मुलांकडून पाठ करून घेण्याऐवजी ज्वारी भरून पडताळावयास लावावीत. बारा पायल्यांचा मण की सोळा पायल्यांचा, याविषयी गावोगाव भिन्न चाल होती. आपल्या गावी कोणती होती, ते मुलांनी आजोबांना विचारून यावे. वीस मणांची खंडी, एवढे मात्र बहुतेकांच्या तोंडी असते.

त्यानंतर खरा प्रयोग. शेराचे माप ज्वारीने सपाट भरून ती ज्वारी आजच्या काट्यावर तोलावी. मग तेच माप बाजरीने, नंतर शेंगांनी, शेवटी पिठाने भरून तोलावे. प्रत्येक वेळी माप तेच आणि वजन निराळे. आकारमान आणि वजन यांतील भेद, जो पुस्तकातील व्याख्येने मुलांच्या गळी उतरत नाही, तो येथे त्यांच्या हातून सिद्ध होतो. पुढे शिक्षकाने माप शिगेने भरून दाखवावे आणि सपाट भरून दाखवावे, आणि दोहोंतील धान्याचा फरक तोलून फळ्यावर मांडावा. नंतर विचारावे : घेताना शिगेने आणि देताना सपाट मोजणारा मनुष्य वर्षाअखेर किती धान्य कमावील? या प्रश्नाचे गणित मुले उत्साहाने करतात, आणि कोणी तरी हळूच सांगते की, आपल्या आजीने असे माप पाहिले आहे.

तागडी आणली असेल तर पासंगाचा प्रयोगही करावा. दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी एका बाजूस झुकत असेल, तर ती समतोल करण्यासाठी हलक्या बाजूस जो लहानसा खडा बांधतात तो पासंग. एखाद्याच्या तुलनेत कोणी अगदीच कमी असला म्हणजे तो त्याच्या 'पासंगालाही पुरत नाही' असे आपण म्हणतो. हा वाक्प्रचार मुले भाषेच्या तासाला घोकतात, परंतु पासंग त्यांनी पाहिलेला नसतो. शेरास सव्वाशेर, सोळा आणे खरे, गुंजभर, कवडीमोल, ही सारी भाषा दुकानाच्या पायरीवर जन्मली आहे. नगरमध्ये तर एका वास्तूचे नावच नाण्यावरून पडले आहे. १५६७ च्या सुमारास बांधलेल्या दमडी मशिदीविषयी अशी आख्यायिका आहे की, किल्ल्याच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुरांनी दिलेल्या एकेका दमडीतून ती उभी राहिली. आख्यायिका ही आख्यायिका म्हणूनच सांगावी. परंतु त्या मशिदीवरील दगडी कोरीव काम पाहावयास जाणाऱ्या मुलाला दमडी म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तर त्या आख्यायिकेतील सारी गोडी हरवते.

गणिताच्या तासासाठी एक जुनी युक्ती अजून उपयोगाची आहे. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असत तेव्हा दुकानदार तोंडी हिशेब असा करी : जितके आणे शेर, त्याच्या अडीचपट रुपये मण. आठ आणे शेर असेल तर वीस रुपये मण. हे खरे का, याचा पडताळा मुलांनी घ्यावा. एक आणा शेर धरला तर मणाला चाळीस आणे, म्हणजे अडीच रुपये. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी का म्हणवून घेत, याचे उत्तर येथे मिळते. ते पाढे शिक्षेसाठी नव्हते, पेठेसाठी होते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या कायद्यान्वये मेट्रिक वजने १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने प्रचारात आली आणि अडीचकीचे पेठेतील काम संपले. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा आणि चाळीस शेरांचा मण सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा होतो. मुलांनी ही संख्या स्वतः काढावी. एका तोळ्याचे ११.६६ ग्रॅम, एवढेच त्यांना सांगावे.

येथपर्यंतचा भाग आनंदाचा आहे. जुन्या दुकानाच्या गौरवाचा लेख लिहिणारे बहुधा येथेच थांबतात. शिक्षकाने थांबू नये. दुकानात तागडीच्या शेजारी आणखी एक वस्तू असे. ती म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याची वही.

कीर्द आणि खतावणी या दोन वह्यांवर पेढी चाले. दिवसाचा व्यवहार क्रमाने कीर्दीत लिहावयाचा आणि तेथून तो गिऱ्हाइकाच्या नावाच्या खात्यात, म्हणजे खतावणीत, उतरवावयाचा. जमा एका अंगाला, नावे दुसऱ्या अंगाला. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वह्यांची पूजा होई, आणि ती प्रथा अनेक दुकानांत आजही आहे. जुन्या वह्या मोडी लिपीत असतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिशेबासाठी आणि पत्रव्यवहारासाठी मोडी सर्रास चाले. आता ती वाचणारे थोडे उरले असल्याने अशा वह्या रद्दीच्या भावाने जातात. एका अर्थाने संग्रहालयातील पेशवेकालीन कागद आणि गावच्या वाण्याची खतावणी ही एकाच लिपीतील सख्खी भावंडे होत. एकाला काचेचे कपाट मिळाले आणि दुसऱ्याला गोणपाट.

परंतु याच वहीच्या नावाने या जिल्ह्यात एकेकाळी आग पेटली होती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने यांवर हल्ला केला. (पारनेर तालुक्यातील सुपे ते हे नव्हे. जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ही गल्लत वारंवार आढळते.) ते लोण पाहता पाहता नगर जिल्ह्यात पसरले. पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांतील गावांतून दंगे झाले. या उठावाची विशेष गोष्ट ही की, माणसांना इजा करण्यापेक्षा कर्जरोखे मिळवून ते जाळणे हाच लोकांचा मुख्य हेतू होता. कारणे पुष्कळ होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, येथील कापसाला चढा भाव मिळाला, कर्ज सहज मिळू लागले, आणि युद्ध संपताच भाव कोसळला. त्यातच शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. मुदतीच्या कायद्यामुळे सावकार थोड्या थोड्या वर्षांनी जुन्या रोख्याऐवजी नवा, व्याजासह फुगलेला रोखा लिहून घेऊ लागला. निरक्षर कुणबी अंगठा उठवी, आणि वर काय लिहिले आहे ते त्याला कळत नसे. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला.

तेव्हा जुनी पेढी म्हणजे केवळ प्रामाणिक शेठजींची आठवण नव्हे, आणि केवळ पिळवणुकीचे ठिकाणही नव्हे. ज्या दुकानदाराने दुष्काळात उधारीवर धान्य दिले त्याची कृतज्ञतेने आठवण काढणारी वृद्ध माणसे १९७२ च्या दुष्काळासंबंधी बोलताना आजही गावोगाव भेटतात. आणि ज्याने दोन आण्यांच्या मिठापायी आयुष्यभराचे खाते चालू ठेवले त्याचीही आठवण भेटते. वर्गात दोन्ही आठवणींना जागा हवी. गल्ल्याच्या आत बसणारा आणि पायरीखाली उभा राहणारा, या दोघांनीही तो बाजार घडविला. आणि पायरीखालच्यांतही सर्वांना सारख्या अंतरावर उभे राहण्याची मुभा नव्हती, ही गोष्ट वयाला साजेशा शब्दांत मुलांना सांगितली पाहिजे. विडी वळून आठवड्याची मजुरी आणणारी स्त्री, बांगड्यांचा हारा घेऊन घरोघर हिंडणारी कासारीण, बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी मांडणारी माळीण यांची नावे कोणत्याही दुकानाच्या पाटीवर लिहिलेली नाहीत. त्यांच्याविषयी विचारल्याशिवाय काहीच कळत नाही.

म्हणून विचारावे. गावातील सर्वांत जुन्या दुकानात मुलांना पाच-सहांच्या गटाने न्यावे. बाजाराचा दिवस आणि सकाळची वेळ टाळावी. दुपारी दुकानात गर्दी नसते तेव्हा मालकाला बोलावयास उसंत असते. घोडेगाव वा काष्टी यांसारख्या मोठ्या जनावरांच्या बाजाराच्या गावी तर हे पथ्य कटाक्षाने पाळावे. मुलांनी घरच्या रीतीप्रमाणे आजोबा किंवा काका म्हणूनच बोलावे. हे दुकान प्रथम कोणी घातले, माल कोठून आणि कशाने येई, कोणती वस्तू पूर्वी खपे आणि आता कोणी मागत नाही, कागदाची पुडी दोऱ्याने कशी बांधीत, हे प्रश्न पुरेसे आहेत. शेवटच्या प्रश्नावर पुष्कळसे वृद्ध दुकानदार बोलण्याऐवजी पुडी बांधूनच दाखवितात. नफ्यातोट्याचे आणि देण्याघेण्याचे प्रश्न मुलांनी विचारू नयेत.

येथे एक गंभीर सूचना करणे भाग आहे. जुनी खतावणी शाळेस पाहावयास मिळाली, तर त्यातील खातेदारांची नावे वर्गात कदापि वाचू नयेत. ज्याच्या पणजोबाच्या नावे बाकी निघते तो मुलगा त्याच वर्गात दुसऱ्या रांगेत बसलेला असतो. वहीची बांधणी, लिपी, अंक, वस्तूंचे भाव, तिथी लिहिण्याची पद्धत एवढे दाखवावे. नावे झाकावीत. इतिहासाच्या पाठातून कोणा मुलाची मान खाली जाणार असेल, तर तो पाठ न घेतलेला बरा.

संग्रहालयात गेल्यावर आणखी एक प्रश्न मुले विचारतील, आणि त्याला सरळ उत्तर द्यावे. शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर असे झाले. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांचे ते नाव आहे. परंतु संग्रहालयातील कागदांवर, जुन्या पाट्यांवर, पावत्यांवर आणि दुकानांच्या वह्यांवर अहमदनगर वा नुसते नगर असेच लिहिलेले असणार. ते चूक नाही आणि ते दुरुस्त करावयाचे नाही. शाळेच्या संग्रहात १९३० सालची पावती आली तर तिच्यावर जे नाव आहे तेच नोंदवहीत उतरवावे, आणि आजचे नाव शेजारी निराळ्या रकान्यात लिहावे. कागद आपल्या काळाचे नाव सांगतो. त्याला आपल्या काळाचे नाव वदवावयास लावणे हे इतिहासाचे काम नव्हे. अहिल्याबाईंच्या कारकिर्दीचा अभ्यास करणाऱ्यालाही अखेर जुन्या कागदांवरच विसंबावे लागते, आणि ते कागद जसेच्या तसे राहिले तरच ते विश्वासार्ह ठरतात.

शाळेचा वस्तुसंग्रह उभारताना जागेची अडचण पुढे येते. एक कपाट पुरते. अडचण खरी आहे ती नोंदीची. पुष्कळ शाळांतून उत्साहाने वस्तू जमविल्या गेल्या, शिक्षकांची बदली झाली आणि तीन वर्षांनी कपाटातील वस्तू कोणाच्या, कोठल्या, हे सांगणारे कोणी उरले नाही. नोंद नसलेली पायली ही मोडीच्या भावाची वस्तू होय. म्हणून वस्तू येण्यापूर्वी नोंदवही यावी. तीत अनुक्रमांक, वस्तूला घरात वापरला जाणारा शब्द, कोणाकडून व केव्हा मिळाली, ती देणगी आहे की उसनी, कशासाठी वापरली जाई, आणि ही माहिती कोणी सांगितली हे लिहावे. घरातला शब्द महत्त्वाचा, कारण अकोले तालुक्यातील आणि जामखेड तालुक्यातील माणूस एकाच वस्तूला एकच नाव देईल असे नाही. वस्तूवर रंगाने क्रमांक घालू नये. दोऱ्याने चिठ्ठी बांधावी. मौल्यवान वस्तू घरच्या मालकीचीच राहू द्यावी आणि शाळेत तिचे छायाचित्र ठेवावे.

तांब्यापितळेची जुनी भांडी चिंचेने घासून चकचकीत करण्याचा मोह अनावर असतो, विशेषतः स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी. तो आवरावा. काळाचा थर आणि कारागिराच्या हातोड्याचे ठसे त्या घासण्यात जातात. कागदाला चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये पक्का बंद करू नये. कोरड्या जागी, स्वच्छ कापडात सपाट ठेवावा, आणि वाळवीसाठी कपाट भिंतीपासून दूर असावे.

जमिनीत सापडलेली वस्तू मात्र शाळेने ठेवून घेऊ नये. नाणी, मूर्ती, धातूच्या वस्तू शेतात वा पाया खणताना मिळाल्या, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ती गोष्ट जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. तहसील कार्यालयाकडे सूचना दिली की शिक्षकाचे कर्तव्य पार पडते. या नियमामागील कारण जिल्ह्यातच घडलेले आहे. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ साली छबू लक्ष्मण भिल यांना झुडपाचे मूळ खणताना काशाच्या चार जड वस्तू मिळाल्या. बैलांचा रथ हाकणारा मनुष्य, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकत्रित वजन साठ किलोग्रॅमहून अधिक. वस्तू वितळविल्या गेल्या नाहीत, त्या अभ्यासकांपर्यंत पोहोचल्या, आणि त्याच ठिकाणी पुढे १९७९ पर्यंत पुरातत्त्व खात्याने विस्तृत उत्खनन केले. आज त्या मूर्ती जिल्ह्याबाहेरील मोठ्या संग्रहालयांत आहेत आणि जगभरच्या ग्रंथांतून त्यांची चित्रे छापली जातात. त्या चार वस्तू मोडीत गेल्या असत्या, तर दायमाबादचे नाव आज पाठ्यपुस्तकात आले असते की नाही, हे सांगता येत नाही.

सहलीच्या दिवसासाठी शेवटच्या काही गोष्टी. संग्रहालयास आठ-दहा दिवस आधी पत्र पाठवून वेळ ठरवावी आणि मोडी कागद, नाणी व जुने नकाशे दाखविण्याची विनंती पत्रातच करावी. प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडून तिचे चित्र काढावे आणि तिच्याविषयी एक प्रश्न लिहून आणावा. सर्व वस्तूंची नावे उतरवून घेण्याची सक्ती करू नये. तेथून बाजारात जाताना मुलांनी कागदावर गल्ल्यांचा साधा नकाशा काढत चालावे, आणि जेथे तागडी, लाकडी गल्ला, जुनी पाटी वा दगडी पायरी दिसेल तेथे खूण करावी. त्यासाठी तासभर पुरतो. खाऊची वेळ त्यानंतर ठेवावी, अन्यथा नकाशे अर्धवट राहतात. गावी परतल्यावर हे नकाशे एकमेकांशी ताडून एक मोठा नकाशा भिंतीवर लावावा, आणि ज्या गल्लीच्या नावाचा उलगडा झाला नसेल तिच्यापुढे प्रश्नचिन्ह तसेच राहू द्यावे.